पहूरची हॉटेले

जळगावच्या अजिंठा चौफुलीवरून दक्षिणेकडे निघालेला रस्ता नेरी मागे टाकून, कपाशीच्या शेतांमधून वाट काढीत, सुमारे ४० किलोमीटरवर पहूरला पोचतो. तेथे जामनेरहून शेंदुर्णी-पाचोऱ्याकडे जाणारा दुसरा रस्ता त्याला मिळतो, आणि या संगमाच्या आसपास चहाची, भज्यांची, राइसप्लेटीची व अलीकडे ‘फॅमिली गार्डन’ म्हणून मिरवणारी जी हॉटेले उभी आहेत, त्यांच्याविषयी हा मजकूर आहे. गाव म्हणून पहूर लहानच. वाघूर नदीकाठच्या या वस्तीचे पहूर पेठ आणि पहूर कसबे असे दोन भाग असून दोहोंचा ग्रामपंचायतीचा कारभारही स्वतंत्र आहे. तालुक्याची कचेरी जामनेरला, जिल्ह्याची जळगावला आणि मोठी रेल्वे पाचोऱ्याला असल्यामुळे, परगावच्या माणसाला पहूर जाता जाता लागते, मुद्दाम पहूरला जाण्याचे कारण त्याला क्वचितच पडते. अशा ठिकाणी हॉटेल निघते ते वाटसरूसाठी. गावचा माणूस त्याचे गिऱ्हाईक होतो तो पुष्कळ उशिरा, आणि बायकामुलांसह होतो तो त्याहूनही उशिरा.

वाटसरूंची येथे कधीच वानवा नव्हती. १८१९ साली अजिंठ्याची लेणी इंग्रजी फौजेतील जॉन स्मिथच्या दृष्टीस पडली, तेव्हापासून ती पाहावयास जाणाऱ्या मंडळींचा एक ओघ खान्देशातून वाहू लागला. लेणी निजामाच्या मुलखात आणि त्यांच्याकडे जाण्याची सोयीची वाट इंग्रजी अमलातल्या खान्देशातून, अशी ती चमत्कारिक सरहद्द होती. पुढे पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस पाचोरा-जामनेर ही अडीच फूट रुंदीची आणि ५६ किलोमीटर लांबीची चिमुकली रेल्वे सुरू झाली, पहूरला तिचे स्थानक झाले, आणि लेण्यांच्या यात्रेकरूने पहूरला उतरून फर्दापूरची वाट धरावी असा सल्ला त्या काळच्या प्रवासाच्या पुस्तकांतून मिळू लागला. परंतु हा यात्रेकरू पहूरला उतरला तरी पहूरला जेवत नसे. साहेब असला तर त्याचा खानसामा आणि पत्र्याच्या डब्यांतले खाणे त्याच्याबरोबर असे, आणि पुढे फर्दापूरला निजाम सरकारचे अतिथिगृह होते. देशी गृहस्थ असला तर दशम्या, चटणी आणि कांदा यांची शिदोरी त्याच्या खांद्यावर असे, व ती सोडावयास नदीकाठचे झाड त्याला पुरत असे. १९०९ ते १९११ या काळात लेण्यांतील चित्रांच्या नकला करण्यासाठी लेडी हेरिंगहॅम आल्या, त्यांच्या साहाय्यकांत नंदलाल बसूंसारखे तरुण चित्रकार होते. तेव्हा तर ही रेल्वेही नव्हती, आणि त्या मंडळींनाही आपला संसार बरोबर वागवावा लागला असणार.

परक्या हातचे अन्न न खाण्याचा जो दंडक आपल्या समाजाने शतकानुशतके पाळला, त्याला आपणच एक सोयीची पळवाट ठेवली होती. पाण्यात शिजले ते जेवण, तेला-तुपात तळले तो फराळ, असा भेद घरोघर मानला जाई. जेवणाला सोवळे-ओवळे, पंगत, जात, सारे आड येई, फराळाला तितके येत नसे. खेड्यापाड्यांतील पहिली हॉटेले बहुतांशी या पळवाटेतूनच आत शिरली. म्हणूनच त्यांच्या दर्शनी भागातील काचेच्या कपाटात शेव, चिवडा, जिलेबी आणि भजी असत, आणि मागच्या बाजूस चहाचे आधण सदैव उकळत असे. भात-भाजीचा तेथे मागमूस नसे. या सुधारणेचे श्रेय मी समाजसुधारकांना देतोच, परंतु भज्यांनाही त्यातला थोडा वाटा द्यावा असे मला प्रामाणिकपणे वाटते.

जेवण आले ते मोटारींबरोबर. १ जून १९४८ रोजी पुणे-नगर मार्गावर सरकारी बस सुरू झाली, हळूहळू एस. टी. जिल्ह्याजिल्ह्यांत पोचली, औरंगाबादच्या रस्त्याने मालमोटारींची ये-जा वाढली, आणि चालक-वाहकांच्या पोटाची व्यवस्था हा हॉटेलांच्या भरभराटीचा पाया ठरला. ज्या हॉटेलापुढे बस थांबते तेथे चालक आणि वाहक यांच्या जेवणाचे पैसे घ्यावयाचे नाहीत, हा या धंद्यातला सर्वत्र पाळला जाणारा शिरस्ता. तो कोणत्याही परवान्यात लिहिलेला नसतो, आणि परवान्यातल्या कलमांपेक्षा अधिक काटेकोरपणे पाळला जातो. उतारूंना मिळतात दहा मिनिटे. त्यांतली काही हातपाय धुण्यात जातात, काही वाहकाच्या शिट्टीच्या धास्तीत जातात, आणि उरलेल्या चार-पाच मिनिटांत पोटभर, झणझणीत आणि स्वस्त असे काय देता येईल, या प्रश्नाला खान्देशाने दिलेले उत्तर म्हणजे शेवभाजी.

हा पदार्थ मुळात हॉटेलाचा नव्हेच. खान्देशातील उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या घरात जातो, विहिरींचे पाणी तळाला लागते, परसातल्या वेली करपून जातात आणि घरात हिरवी भाजी म्हणून काही उरत नाही, तेव्हा येथील गृहिणी हरभऱ्याच्या डाळीच्या पिठाकडे वळते. त्याच्या पातोड्या होतात, डुबुकवड्या होतात, आणि पाहुणा अवचित दारात उभा राहिला तर डब्यातली शेव रश्शात पडते. काचेच्या कपाटातली तीच शेव हॉटेलवाल्याने एके दिवशी मागच्या चुलीवरच्या पातेल्यात उतरवली असावी, असा माझा तर्क आहे. त्याला पुरावा विचाराल तर एवढाच की, दोन्ही वस्तू त्याच्याकडे अगोदरपासून होत्या आणि उतारू भुकेला होता.

चुलीपाशी उभे राहून हे काम पाहण्यासारखे आहे. सकाळी कांदे सालीसकट विस्तवात घालून काळे होईपर्यंत भाजतात, सुक्या खोबऱ्याच्या वाट्यांनाही तीच अग्निपरीक्षा द्यावी लागते. मग त्यांत लसूण, आले व कोथिंबीर घालून गुळगुळीत वाटण करतात. हे वाटण भरपूर तेलात, कडेने तेल सुटेपर्यंत, परतावयाचे. त्यावर काळा मसाला आणि तिखट पडते, खालोखाल कढत पाणी पडते (गार पाणी घालणारा आचारी येथे टिकत नाही, कारण त्याने तर्री बसते), आणि हा रस्सा मोठ्या पातेल्यात दिवसभर मंद आचेवर रटरटत राहतो. गिऱ्हाईक बसले, मागणी आली, की त्यातले दोन ओगराळे लहान कढईत घेऊन उकळी फोडतात आणि अगदी अखेरच्या क्षणी मूठभर जाड, तिखट, ओवा-लसणाची शेव तीत सोडतात. ही शेव चिवड्यातल्या शेवेसारखी बारीक असून चालत नाही. भाजीची शेव करंगळीच्या निम्म्या जाडीची, घट्ट मळलेल्या पिठाची लागते. रश्शात पडल्यापासून तोंडात जाईपर्यंतचा तिचा अवधी फार थोडा आहे: लवकर खाल्ली तर दाताखाली कडक लागते, उशीर झाला तर ती सगळा रस्सा पिऊन बसते आणि ताटात एक प्रकारचे पिठले उरते. म्हणून जाणते गिऱ्हाईक ताट येताच प्रथम वाढप्याला विचारते, “का रे भो, शेव आत्ताच टाकली ना?” त्याचे उत्तर काहीही आले तरी तेच गिऱ्हाईक जादा रश्शाची वाटी मागून घेते, आणि या वाटीचे पैसे लावणारे हॉटेल या भागात चालणार नाही.

बरोबर बाजरीची किंवा ज्वारीची भाकरी, नशीब असेल तर ज्वारीत काळे उडीद दळून केलेली कळण्याची; बुक्कीने फोडलेला कांदा, लिंबाची फोड आणि तळलेली मिरची. भाकऱ्या बहुधा गावातल्याच बायका थापतात. आचारी बदलला तर गिऱ्हाईक कुरकुरते, भाकरी थापणारी बाई बदलली तर ते पलीकडच्या हॉटेलात जाऊन बसते, आणि तरीही पाटीवर नाव मालकाच्या कुलदैवताचे असते, पगारात मान आचाऱ्याला असतो. ही तक्रार मी त्या बायकांच्या तोंडून ऐकलेली नाही. त्यांना तेवढी सवड कधी दिसली नाही.

गावचा माणूस या हॉटेलात शिरला तो प्रथम एकटा, पुरुष म्हणून, आणि चहासाठी. बाजाराचा दिवस, तालुक्याला कोर्टाची तारीख, बैलजोडीचा सौदा, सोयरिकीची बोलणी, यांतले काही ना काही निमित्त असावयाचे; मालकाला ‘आबा’ किंवा ‘अण्णा’ म्हणावयाचे, चहा अर्धा सांगावयाचा, वर्तमानपत्र पूर्ण वाचावयाचे, आणि पैसे वहीत मांडावयास सांगून उठावयाचे. ही उधारीची वही शेतीच्या चक्राने चाले: मृग लागल्यावर ती फुगत जाई, आणि कापूस वेचून व्यापाऱ्याच्या किंवा जिनिंगच्या काट्यावर चढला की दिवाळीनंतर तिच्यावर रेघा पडू लागत. बायकामुलांनी हॉटेलात जेवणे मात्र पुष्कळ काळ कमीपणाचे मानले जाई. घरात चूल असता बाहेर जेवावे लागते म्हणजे घरच्या लक्ष्मीचा तो बोभाटाच होय, असे आमच्या मागच्या पिढीचे मत होते, आणि हे मत लक्ष्मीला कोणी विचारून बनवलेले नव्हते. मग कोणा चतुर मालकाने कोपऱ्यात लाकडी आडोसा घातला, त्याला पडदा लावला, वर ‘फॅमिली रूम’ अशी पाटी ठोकली, आणि त्या पडद्याआडून गावाच्या चालीरीतींत बदल होऊ लागला. आता तो पडदाही गेला आहे. त्याच्या जागी रस्त्यालगत हिरवळ, रंगीत दिवे आणि मुलांसाठी एक घसरगुंडी आली आहे, आणि वाढदिवस, दहावीचा निकाल, नवी मोटारसायकल, यांपैकी कोणतेही कारण सहकुटुंब जेवावयास पुरते.

येथेच एक मौज पाहावयास मिळते. एका टेबलाशी मुंबई-पुण्याहून लेणी पाहावयास निघालेले कुटुंब बसलेले असते. त्याला ‘अस्सल खान्देशी’ हवे असते, ते शेवभाजी व भाकरी मागवते, पहिल्याच घासाला डोळ्यांत पाणी आणते, आणि तरी वाहवा करते. शेजारच्या टेबलाशी गावातलेच कुटुंब असते, ते पनीर, काजूकरी आणि तंदूरची रोटी मागवते, मुले मंचुरियनसाठी हटून बसतात, आणि शेवभाजीचे नाव काढले तर घरची बाई हसून म्हणते, “ती तर रोजचीच हाये.” पाहुण्याच्या हौसेला ‘परंपरा’ असे भारदस्त नाव देऊन गावकऱ्याच्या हौसेला नाके मुरडणारे लोक मला भेटले आहेत. त्यांचे म्हणणे मला पटत नाही. जिने आयुष्यभर विस्तवापुढे बसून भाकऱ्या थापल्या, तिला एका संध्याकाळी दुसऱ्याने भाजलेली मैद्याची रोटी खावीशी वाटली तर त्यात खान्देशी संस्कृतीचा ऱ्हास कसला झाला?

खान्देशाचे जे खरे वैभव, ते हॉटेलाला अजून पुरते साधलेले नाही. हिवाळ्यात चंपाषष्ठीनंतर वांग्याच्या भरिताचा हंगाम सुरू होतो. त्यासाठी लागणाऱ्या मोठ्या, हिरवट-पांढऱ्या वांग्याला २०१६ साली ‘जळगाव भरीत वांगी’ म्हणून भौगोलिक मानांकन मिळाले. ही वांगी शेतातच, कपाशीच्या वाळलेल्या पऱ्हाट्यांच्या जाळावर भाजावयाची, लाकडी भांड्यात हिरव्या मिरच्या व लसणाबरोबर ठेचावयाची, शेंगदाणे आणि कांद्याची पात घालून तेलात परतावयाची, आणि कळण्याच्या भाकरीशी किंवा पुरीशी खावयाची. हॉटेलातील गॅसच्या शेगडीवर वांगे भाजले जाते, पण पऱ्हाटीच्या धुराचा वास त्याला येत नाही, आणि तो नसला तर भरीत हे केवळ वांगे राहते. वरण-बट्टीचीही तीच गत. जाडसर कणकेत ओवा, हळद व तेल घालून वळलेले गोळे गोवऱ्यांच्या आरावर भाजलेले असोत किंवा वाफवून, कापून, तळलेले असोत, ते कुस्करून त्यांवर तुरीचे वरण आणि तुपाची धार ओतावयाची आणि घोटलेल्या वांग्याच्या भाजीबरोबर पंगतीत खावयाचे. भंडाऱ्याला शंभर पाने एकदम उठतात तेव्हा तिची जी चव लागते, ती चौघांच्या टेबलावर उतरत नाही. खापरावरच्या मांड्यांची तर गोष्टच सोडा. आखाजीला आमरसाबरोबर मांडा वाढण्याचे धाडस कोणत्याही हॉटेलने केलेले मी पाहिले नाही.

धंद्यावर मधूनमधून संकटे आली. महामार्गापासून ५०० मीटरांच्या आत मद्यविक्री नको, हा सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय १ एप्रिल २०१७ पासून अमलात आला, तेव्हा देशभर रस्त्याकडेच्या हॉटेलवाल्यांनी फूटपट्ट्या घेऊन अंतरे मोजली. लहान गावांसाठी हे अंतर २२० मीटर ठरले तरी हिशेब बदललेच. जळगाव-औरंगाबाद रस्त्याचे रुंदीकरण वर्षानुवर्षे रेंगाळले, त्या काळात उकडलेल्या बटाट्यावरसुद्धा धूळ बसत असे. २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदीबरोबर पाचोरा-जामनेरची छोटी गाडी थांबली ती पुन्हा धावली नाही. तिच्या रुळांच्या जागी रुंद मार्ग घालण्याचे ठरले आहे, आणि तो झाल्यावर उतारू स्थानकावरून परस्पर निघून जातील की चौफुलीवर येतील, याविषयी गल्ल्यावर बसून होणाऱ्या चर्चेला अंत नाही.

टाळेबंदीने आणखी एक वहिवाट पक्की केली, ती पार्सलाची. रस्सा एका पिशवीत, शेव दुसऱ्या कागदात, आणि दोन्ही एकत्र कधी करावयाची याची तोंडी सूचना. ही सूचना देताना मालक जो गंभीर स्वर लावतो तो औषधांच्या दुकानातही ऐकू येत नाही. ज्याला या हॉटेलांत गावकऱ्यांमध्ये बसून जेवावयाचे असेल त्याने सोमवार धरावा. त्या दिवशी अजिंठ्याची लेणी बंद असतात, परगावच्या मोटारी थोड्या असतात, आचाऱ्याला घाई नसते, आणि शेव सांगितल्यावेळीच पडते.