प्रकाशाचा जमाखर्च

फुलांची जवळून छायाचित्रे काढणे ही श्रीमंतांची हौस आहे, तिला महागडी भिंगे आणि थाटाचा स्टुडिओ लागतो, असा सर्वसाधारण समज आढळतो. वाणिज्य शाखेचा विद्यार्थी या नात्याने मला वाटते की, या छंदातली खरी टंचाई पैशाची नसून प्रकाशाची आहे. प्रकाशाचा जमाखर्च ज्याला मांडता आला, त्याला घरातल्या टेबलावरही फुलाचे अंतरंग टिपता येते.

उदाहरणासाठी तरवडाचे फूल घेऊ. आमच्या उटनूरकडे, आदिलाबाद जिल्ह्यात, हे पिवळे फूल सर्वांच्या ओळखीचे. तेलुगूत याला तंगेडु म्हणतात आणि आपल्या कन्नड विभागातील मित्र आवरिके म्हणतात. तेलंगणाचे हे राज्यपुष्प. भाद्रपद अमावास्येपासून नऊ दिवस बतुकम्माचा सण चालतो, तेव्हा ही फुले टोपल्या भरभरून घरात येतात, थरांवर थर रचले जातात आणि मग पाण्यात सोडली जातात. त्यामुळे छायाचित्रासाठी वेगळी फांदी तोडण्याचे कारण नाही, टोपलीतले एक फूल बाजूला काढले की पुरे. पण इतक्या परिचयाच्या फुलाच्या आत काय आहे, हे आपल्यापैकी किती जण सांगू शकतील?

फुलाची प्रतिमा कॅमेऱ्यातील फिल्मवर किंवा सेन्सरवर मूळ आकाराइतकीच उमटली, तर त्यास एकास एक प्रमाण म्हणतात. ५० मिलिमीटरचे साधे भिंग आणि कॅमेरा यांच्यामध्ये ५० मिलिमीटर लांबीच्या पोकळ नळ्या बसवल्या की हे प्रमाण साधते. नळीत काच नसल्याने ती स्वस्त मिळते.

आता खर्चाची बाजू पाहा. भिंग पुढे सरकल्यामुळे प्रकाश पसरतो आणि पूर्वीच्या चौथा हिस्साच आत पोहोचतो. हा पहिला खर्च. दुसरा खर्च स्पष्टतेचा. एकास एक प्रमाणात, ३५ मिलिमीटर फिल्मच्या कॅमेऱ्यात, भिंगाचे छिद्र एफ ४ वर ठेवले तर फुलाचा जेमतेम अर्धा मिलिमीटर जाडीचा भाग रेखीव येतो, बाकी सारे धूसर. छिद्र लहान करून एफ १६ वर आणले तर ही जाडी सुमारे दोन मिलिमीटर होते, पण प्रकाश सोळाव्या हिश्श्यावर येतो. चार गुणिले सोळा म्हणजे चौसष्ट! एरवी खिडकीपाशी सेकंदाच्या साठाव्या भागात जे चित्र निघाले असते, त्याला आता एक पूर्ण सेकंद लागतो. तेवढ्या वेळात वाऱ्याची एक झुळूक आली की सगळा व्यवहार तोट्यात.

ही तूट फ्लॅश भरून काढतो. लहान दिव्याचा प्रकाश अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात कमी होतो. म्हणून फ्लॅश ६० सेंटिमीटरवरून १५ सेंटिमीटरवर आणला की प्रकाश सुमारे सोळापट वाढतो. शिवाय फ्लॅशची लकाकी सेकंदाच्या हजाराव्या भागाइतकी, आणि शक्ती कमी ठेवल्यास त्याहूनही कितीतरी अल्पकाळ टिकते. त्यामुळे हलणारी पाकळीही जागीच थिजते. अमेरिकेतील प्राध्यापक हॅरॉल्ड एजर्टन यांनी १९३० नंतरच्या दशकात याच तत्त्वावर दुधाच्या थेंबाचे उसळणे छायाचित्रात पकडले होते.

प्रत्यक्ष कृती सोपी आहे. फूल बाटलीत उभे करावे आणि बाटली एका वहीवर ठेवावी. शटर १/१२५, छिद्र एफ ११ किंवा १६ ठेवावे. भिंग न फिरवता वही पुढेमागे सरकवून रेखीवपणा साधावा. फ्लॅश कॅमेऱ्यावरून काढून तारेने जोडावा व एका बाजूस धरावा. नुसता फ्लॅश कडक सावल्या पाडतो, म्हणून त्याच्यापुढे वीतभर ट्रेसिंग पेपर ताणावा आणि दुसऱ्या बाजूस थर्मोकोलचा पांढरा तुकडा उभा करावा. मागची भिंत दीड मीटर दूर असेल तर तिला फुलाच्या सुमारे शंभरावा हिस्सा प्रकाश मिळेल व ती काळी येईल. काळी नको असेल तर फुलाच्या वीतभर मागे एखादे हिरवे पान ठेवावे.

दोन सूचना मात्र अवश्य पाळाव्यात. फ्लॅश कधीही उघडू नये. सेल काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये सुमारे तीनशे व्होल्टचा भार राहू शकतो. तसेच काही जुन्या फ्लॅशच्या जोडणीतला दाब इतका जास्त असतो की नव्या डिजिटल कॅमेऱ्याचे सर्किट जळू शकते, तेव्हा आधी जाणकाराकडून तपासून घ्यावे.

एवढे केल्यावर तरवड काय दाखवतो? त्याचे दहा पुंकेसर एकसारखे नसतात. वरचे तीन खुरटे आणि वांझ, तर खालचे लांब व बाकदार. परागकोश उभे न फाटता त्यांच्या टोकाशी बारीक छिद्रे पडतात. या फुलात मध नसतो. भुंगा पुंकेसर घट्ट धरून गुणगुणतो, त्या कंपाने मिठाच्या डबीतून मीठ उडावे तसे पराग बाहेर उडतात. टोपलीभर फुलांकडे पाहून हे कळत नाही, एका फुलाकडे नीट पाहिले की कळते.

पुण्याचे श्रीकांत इंगळहळीकर हे व्यवसायाने अभियंते. त्यांनी सह्याद्रीतील फुलांची छायाचित्रे टिपून २००१ मध्ये ‘फ्लॉवर्स ऑफ सह्याद्री’ हा ग्रंथ सिद्ध केला. वनस्पतिशास्त्राची पदवी नसलेल्या माणसालाही हे दालन खुले आहे, याचा याहून चांगला दाखला कोणता? आपल्या गावची फुले तीन-तीन भाषांतील नावांनी आपल्याला ठाऊक आहेत. नाव ठाऊक असणे आणि फूल ठाऊक असणे यांत जे अंतर उरते, ते भरून काढायला कागदाचा एक तुकडा आणि हातभर प्रकाश पुरतो.