वार्धक्यातील वेदना आणि ‘ड’ जीवनसत्त्व

कपिलवस्तूच्या नव्या सभागृहात शाक्यांना उपदेश करीत असता भगवान बुद्धांनी पुढील प्रवचन आनंदांवर सोपविले. आपली पाठ दुखत आहे, आपण थोडे आडवे होतो, असे ते म्हणाले. मज्झिमनिकायातील सेखसुत्तात हा प्रसंग आहे. तथागतांनी पाठदुखी लपविली नाही. आपल्या विद्यालयाच्या मेळाव्यास येणाऱ्या आजी-आजोबांना मात्र ती सांगण्याचाही संकोच वाटतो. वंदना आटोपल्यावर भिंतीला धरून उठतात आणि ‘वय झालं आता’ एवढेच म्हणतात.

वय हे कारण खरेच, पण ते एकटे नसते. पुणे जिल्ह्यातील भिगवण येथे १९९६ मध्ये डॉ. अरविंद चोप्रा यांच्या पुढाकाराने घरोघर जाऊन पाहणी झाली. चार हजारांहून अधिक प्रौढांपैकी सुमारे १८ टक्के लोकांना सांधे, स्नायू वा हाडांचे दुखणे आढळले. गुडघ्यांची झीज हे त्यातले नित्याचे कारण. परंतु ‘ड’ जीवनसत्त्व फारच कमी झाले, तर हाडेच मऊ पडतात; कंबर-मांड्या ठणकतात, उकिडवे बसल्यावर उठवत नाही, जिना चढवत नाही. ही लक्षणे झिजेसारखीच भासतात, आणि येथेच चूक होते.

हे जीवनसत्त्व उन्हाने त्वचेत तयार होते. पुढे यकृत व मूत्रपिंड त्याला उपयोगी रूप देतात. मग डोलवीच्या शेतांत आणि खाडीकाठी जन्म घालविलेल्या माणसांना त्याची उणीव का भासावी? पावसाळ्याचे चार महिने आभाळ झाकलेले असते. सावळ्या त्वचेला अधिक ऊन लागते, आणि म्हाताऱ्या त्वचेत ते घडविण्याची शक्तीच घटते. भरपूर ऊन असलेल्या उत्तर भारतातील एका खेड्यातही ही कमतरता आढळल्याचे २००८ मध्ये प्रसिद्ध झाले आहे. शिवाय आपण ज्याची थोरवी गातो, त्या सकाळच्या कोवळ्या उन्हात त्यासाठी आवश्यक किरण फारच थोडे असतात. आपली सावली आपल्या उंचीहून आखूड पडते, तेव्हाचे ऊन कामाचे. अर्थात तेही थोडा वेळ, डोके झाकून. बांगडा, तारली, अंड्याचा बलक यांतून थोडी भर पडते.

सारख्याच उन्हात राबलेल्या दोन बहिणींच्या रक्तातील पातळी मात्र वेगवेगळी असू शकते. रक्तातून हे जीवनसत्त्व वाहून नेणारे प्रथिन आणि यकृतातील विकर यांच्या जनुकांत माणसागणिक बारीक फरक असतात. २०१० साली सुमारे ३४ हजार लोकांच्या अभ्यासात हा संबंध दिसला. ते सारे युरोपीय वंशाचे होते, हे विसरू नये. वेदनेची तीव्रता ठरविण्यातही जनुकांचा वाटा असतो. ‘आनुवंशिक’ हा शब्द ऐकताच आपल्या समाजाचे कान टवकारतात, आणि ते योग्यच आहे; जन्मावरून माणसाचे भवितव्य ठरविणाऱ्यांचा अनुभव आपण पिढ्यान्‌पिढ्या घेतला आहे. येथे तसे काही नाही. हे फरक सर्व जातींत, एकाच घरातही आढळतात. ते कल दाखवितात, निकाल देत नाहीत.

म्हणून गोळी हाही सर्वांवर एकच उतारा नव्हे. अमेरिकेत जुनाट गुडघेदुखी असलेल्या सुमारे चौदाशे प्रौढ-वृद्धांच्या चाचणीत ‘ड’ जीवनसत्त्वाने दुखणे कमी झाले नाही. त्यांतील बहुतेकांना मोठी कमतरता नव्हती. ज्याचे हाडच त्याच्या अभावी मऊ झाले आहे, त्याला मात्र तीच गोळी चालते करू शकते. फरक कळतो तो तपासणीने. रक्तातील प्रमाण मिलिलिटरला २० नॅनोग्रॅमहून कमी असल्यास सामान्यतः कमतरता मानतात.

आठवड्याला घ्यावयाची ६०,००० युनिटची पुडी किंवा गोळी आता घरोघरी दिसते. ती किती आठवडे घ्यावयाची, हे डॉक्टरांनी सांगावे, औषध-दुकानदाराने वा शेजाऱ्याने नव्हे. महिनोन्‌महिने घेतल्यास रक्तात कॅल्शियम वाढते. तहान, उलट्या सुरू होतात, मूत्रपिंडास इजा होते. माजी विद्यार्थ्यांनी पुढच्या सुट्टीत घरी गेल्यावर आईची कंबर कधीपासून दुखते हे विचारावे, आणि घरातल्या डब्यात कोणत्या गोळ्या साठल्या आहेत तेही पाहावे.