एका छपराखालीं

सन १९३५ च्या सुमाराचें इंग्लंडांतील एखादें कामकरी कुटुंब डोळ्यांसमोर आणावें. घरांत तीन महिन्यांचें मूल आहे. सोमवारीं नगरपालिकेची आरोग्य-परिचारिका दाराशीं येते, मुलाचें वजन वाढत नाहीं हें पाहते आणि दूध पाजण्याच्या वेळा बदलावयास सांगते. बुधवारीं आई मुलाला घेऊन नगरपालिकेच्या शिशुकेंद्रांत जाते. तेथें एक डॉक्टरीणबाई त्याला तपासतात, परंतु औषध देत नाहींत. कारण केंद्राचें काम सल्ला देण्याचें, उपचार करण्याचें नव्हे. शुक्रवारीं मूल तापानें फणफणतें, तेव्हां नेहमींच्या डॉक्टरला बोलावणें जातें. परिचारिकेनें काय सांगितलें, केंद्रांत काय आढळलें, ह्यांतलें त्याला कांहींच ठाऊक नसतें. तो विचारतो, आणि आई आठवेल तेवढें सांगते. तिघेंही जाणतीं, तिघेंही कळकळीचीं. पण त्यांच्यामधला दुवा काय तो त्या माउलीची स्मरणशक्ति!

हा दुभंग इतिहासानें पाडलेला होता. इंग्लंडांतील पहिला नगर-आरोग्याधिकारी सन १८४७ मध्यें लिव्हरपूलला नेमला गेला. गटारें, पाणी, सांथी हें त्याचें कार्यक्षेत्र. रोग्याची नाडी पाहण्याशीं त्याचा संबंध थोडा. पुढें १९०७ च्या कायद्यानें शाळकरी मुलांची तपासणी आली, १९१८ च्या कायद्यानें माता व बालकें ह्यांच्या केंद्रांना बळ मिळालें, आणि नगरपालिकेचा हात हळूहळू रस्त्यावरून घरांत शिरला. घरांत मात्र डॉक्टर आधींपासून बसलेला होता. १९११ च्या विम्याच्या कायद्यानें कामगाराला डॉक्टर मिळाला, त्याच्या बायकोला व मुलांना नाहीं. त्यांची फी घरांतूनच द्यावी लागे. तेव्हां नगरपालिकेचा प्रत्येक फुकट सल्ला म्हणजे आपली एक बुडालेली फी, असें डॉक्टरास वाटलें तर त्याला केवळ कोता म्हणून चालणार नाहीं. त्याचें पोट त्यावर होतें.

दोघांना एकत्र आणण्याची कल्पना सन १९२० मध्यें स्पष्टपणें मांडली गेली. राजवैद्य लॉर्ड डॉसन ह्यांच्या अध्यक्षतेखालील समितीनें सुचविलें कीं, प्रत्येक वस्तींत एक प्राथमिक आरोग्यकेंद्र असावें; तेथें घरचे डॉक्टर आपापले रोगी पाहतील, आणि गर्भवतींची, अर्भकांची व शाळकरी मुलांची तपासणीही तेथेंच चालेल. पुढें काटकसरीचे दिवस आले आणि अहवाल कपाटांत राहिला. तरी एखादी नगरपालिका पुढें सरसावली. लंडनच्या फिन्सबरी भागांत १९३८ सालीं उघडलेलें केंद्र त्यांपैकीं सर्वांत नामांकित होय. वास्तुशिल्पी लुबेटकिन ह्यांनीं तें बांधलें, आणि त्यामागें खटपट होती ती आरोग्यसमितीचे अध्यक्ष डॉ. चुनीलाल कटियाल ह्यांची. पंजाबांतून विलायतेस गेलेला हा डॉक्टर स्वतः गरीब वस्तींत रोगी पाहत असे. १९३१ मध्यें महात्मा गांधी व चार्ली चॅप्लिन ह्यांची भेट झाली ती त्यांच्याच घरीं. फिन्सबरीच्या केंद्रांत क्षय, दांत, पाय, अर्भकें ह्यांच्या विखुरलेल्या सेवा एकत्र आल्या. पण त्या मुख्यतः नगरपालिकेच्याच सेवा होत्या.

१९४६ च्या राष्ट्रीय आरोग्यसेवेच्या कायद्यानें अशीं केंद्रें उभारणें हें स्थानिक संस्थांचें कर्तव्य ठरविलें. ५ जुलै १९४८ रोजीं सेवा सुरू झाली, ती मात्र तीन तुकड्यांत: रुग्णालयें एका कारभाराखालीं, घरचे डॉक्टर दुसऱ्या मंडळाशीं करारानें बांधलेले, आणि परिचारिका, सुइणी, लसटोचणी हीं कौन्सिलांकडे. कौन्सिलच्या इमारतींत भाडेकरू म्हणून गेलों तर उद्यां आरोग्याधिकारी आपला वरिष्ठ होईल व आपण पगारी नोकर होऊं, ही डॉक्टरांची मोठी धास्ती होती. त्यांत युद्धानंतरची सिमेंट-पोलादाची टंचाई. लंडनच्या वुडबेरी डाउन वसाहतींतील केंद्र १९५२ मध्यें उघडलें. परंतु पहिल्या पंधरा वर्षांत साऱ्या देशांत मिळून अशीं केंद्रें अगदीं मोजकींच झालीं.

त्याच १९४६ सालीं हिंदुस्थानांतही एक अहवाल निघाला. त्या समितीचे अध्यक्ष सर जोसेफ भोर हे मूळ नाशिकचे. प्राथमिक आरोग्यकेंद्र हें त्यांच्याही योजनेचें मूळ; मात्र तेथला डॉक्टर सरकारी, पगारी, खाजगी धंदा न करणारा असावा, अशी त्यांची शिफारस होती. इंग्लंडनें खाजगी डॉक्टरास केंद्राच्या आंत बोलाविलें, भोर समितीनें केंद्राला स्वतःचा डॉक्टर दिला. येथला खाजगी डॉक्टर बाहेरच राहिला.

इंग्लंडांत जे आंत गेले, त्यांना लौकरच कळलें कीं एक छप्पर म्हणजे एक काम नव्हे. अडचण फार साधी होती. परिचारिकेला गल्ल्या वांटून दिलेल्या असत. डॉक्टरचे रोगी मात्र साऱ्या गांवभर पसरलेले. त्यामुळें एका डॉक्टरच्या यादींतील मुलांकडे पांच-सहा निरनिराळ्या परिचारिका जात, आणि शेजारच्या खोलींत बसणारी परिचारिका नेमकी दुसऱ्याच डॉक्टरच्या रोग्यांची असे. मग बोलावयाचें तरी कोणाशीं? शिवाय परिचारिकेच्या नोंदी तिच्या वरिष्ठाकडे जात, डॉक्टरचे कागद त्याच्या कपाटांत. ती आपल्यावर देखरेख करावयास आली आहे, असा त्याचा संशय. तो आपल्याला मदतनीस समजतो, अशी तिची खंत. दोघांचीही तक्रार निराधार नव्हती.

ह्यावर तोडगा निघाला तो इमारतींतून नव्हे, वहींतून. १९५० नंतरच्या दशकांत ऑक्सफर्डच्या आरोग्याधिकाऱ्यानें परिचारिकांना गल्ली न देतां डॉक्टरची यादी दिली. पगार कौन्सिलचाच, वरिष्ठही तेच. पण माणसें दोघांचीं एकच. आतां परिचारिका ज्या बाळाच्या वजनाविषयीं काळजींत असे, तेंच बाळ डॉक्टरच्याही यादींत सांपडे, आणि चहाच्या पेल्यावर दोन वाक्यांत काम होई. पत्र लिहून आठ दिवस उत्तराची वाट पाहण्याचें कारण उरलें नाहीं. १९६६ च्या नव्या करारानें डॉक्टरांना जागेचें भाडें व मदतनिसांच्या पगाराचा मोठा भाग सरकारकडून मिळूं लागला, तेव्हां आरोग्यकेंद्रांची भीतिही ओसरली. पुढील दहा वर्षांत केंद्रें शेंकड्यांनीं झालीं. ज्या भीतीनें वीस वर्षें खाल्लीं, ती पैशाची होती, तत्त्वाची फारशी नव्हती, असेंच ह्यावरून वाटतें.

१ एप्रिल १९७४ पासून परिचारिका कौन्सिलांकडून आरोग्यसेवेकडे आल्या व नगर-आरोग्याधिकाऱ्याचें पदच संपलें. समाजसेविका मात्र कौन्सिलांकडेच राहिल्या, आणि भिंत एका दारावरून उचलून दुसऱ्या दारावर बसली. २०१३ मध्यें इंग्लंडांत सार्वजनिक आरोग्याचें काम पुन्हा स्थानिक संस्थांकडे गेलें, २०१५ मध्यें अर्भकांच्या परिचारिकांची व्यवस्थाही. पुष्कळ ठिकाणीं त्या डॉक्टरांच्या इमारतींतून निघून पुन्हा आपापल्या विभागाच्या कचेरींत बसतात, आणि बाळाच्या वजनाची हकिगत डॉक्टरला पुन्हा एकदां आईच्या तोंडून ऐकावी लागते.