तिरंगा टोमॅटो आणि आरएनएची गाठ

२०२० च्या उन्हाळ्यात सिन्नरला लागून असलेल्या अकोले-संगमनेर पट्ट्यात टोमॅटो एकसारखा पिकेना. एकाच फळावर हिरवा, पिवळा, लाल रंग. शेतकऱ्यांनी त्याला ‘तिरंगा’ म्हटलं. नमुने बेंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेत गेले आणि त्यांत इतर विषाणूंसोबत कुकुंबर मोझॅक व्हायरस निघाला. मावा किडीमार्फत पसरणारा, आरएनएच्या तीन तुकड्यांचा विषाणू.

त्याच्या आरएनएतल्या अक्षरांचे क्रम ‘जेनबँक’ या सार्वजनिक संग्रहात कुणालाही मोफत मिळतात, त्यामुळे सिन्नरला घरी बसूनही ते वाचता येतात. प्रयोगशाळेत आरएनएची डीएनए प्रत करून अक्षरं वाचतात. जेनबँकेतही ‘यू’च्या जागी ‘टी’च असतो. तिसऱ्या तुकड्याची सुमारे बावीसशे अक्षरं मी ‘ब्लास्ट’ या जुळणारे क्रम शोधणाऱ्या प्रोग्रॅममध्ये टाकते. तो आधी नेमके जुळणारे छोटे तुकडे शोधतो आणि तिथून दोन्ही बाजूंना जुळणी वाढवत नेतो. यादी आली की नजर साम्याच्या टक्क्याकडे धावते. मी आधी जुळणीची लांबी पाहते. दीडशे अक्षरांवरच्या ९९ टक्क्यांपेक्षा सबंध तुकड्यावरचे ९५ टक्के मला जास्त सांगतात.

खरी ओढ मात्र तुकड्याच्या शेपटीची. ती आरएनएच्या घडीचा अंदाज बांधणाऱ्या ‘आरएनएफोल्ड’ला दिली की काही क्षणांत घडी समोर येते. ‘जी’शी ‘सी’, ‘ए’शी ‘यू’, आणि जरा सैल अशी ‘जी-यू’ जोडी. मोजून ठेवलेल्या ऊर्जेच्या तक्त्यांवरून प्रोग्रॅम सर्वांत कमी ऊर्जेची रचना काढतो. खात्रीच्या जागा लाल, शंकेच्या निळ्या. चित्र इतकं देखणं असतं की त्यावर विश्वास बसतोच. इथेच थांबायला हवं. ही शेपटी टीआरएनएची, म्हणजे अमिनो आम्लं वाहून नेणाऱ्या आरएनएची, नक्कल करते. पेशीतलं एन्झाइम फसून तिलाही टायरोसीन हे अमिनो आम्ल जोडतं. या नकलेत एका वळशातली अक्षरं वळशाबाहेरच्या अक्षरांशी जुळून गाठ पडते. आरएनएफोल्डच्या नियमात मात्र जोड्यांनी एकमेकींना ओलांडायचं नसतं, कारण तशी मुभा दिली तर हिशेब आवाक्याबाहेर फुगतो. म्हणजे लाल रंग कितीही गडद असला तरी ती गाठ त्या चित्रात येणारच नाही.

मग ती शोधायची कशी? विषाणूच्या निरनिराळ्या वाणांचे क्रम एकाखाली एक मांडून. एका वाणात जोडीतलं एक अक्षर बदललं आणि समोरचंही त्याला जुळेल असं बदललेलं दिसलं, तर ती जोडी विषाणूनं जपली आहे.

अंदाजासोबत त्याची मर्यादाही सांगणारं काम पुण्यात झालं आहे. प्रतिपिंडं प्रथिनाचा कोणता भाग ओळखतील, हे नुसत्या क्रमावरून सांगणारी पद्धत पुणे विद्यापीठातल्या कोळसकर आणि टोणगावकर यांनी १९९० मध्ये मांडली आणि अचूकता सुमारे ७५ टक्के असल्याचं स्वतःच लिहिलं. ती आजही जगभर वापरली जाते.

सिन्नरच्या शेतात असा विषाणू आढळला तर तो कुठून आला, हे मात्र इथल्या टोमॅटोच्या पानांतल्या विषाणूचे क्रम जेनबँकेत नोंदवले तरच कळेल. आणि नोंदवताना जागा, पीक आणि नमुना घेतल्याची तारीख हे रकाने भरले तरच.