बाद पोलीस रायफलींचा दप्तरी माग : अमरावती व अकोला जिल्ह्यांच्या संदर्भात

पोलीस दलातून बाद झालेल्या रायफलींचे पुढे काय झाले, हा प्रश्न प्रथमदर्शनी किरकोळ भासतो. परंतु शस्त्र हे मेज-खुर्चीसारखे नव्हे. ते दप्तरातून उतरले म्हणून जगातून नाहीसे होतेच असे नाही. वऱ्हाडातील अमरावती व अकोला हे दोन जिल्हे समोर ठेवून या शोधाची दिशा दाखविणे, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

पहिली अडचण राज्यव्यवस्थेच्या बदलांची होय. १८५३ मध्ये निजामाने वऱ्हाड कंपनी सरकारच्या स्वाधीन केले व १९०३ पर्यंत तेथील कारभार हैदराबादच्या रेसिडेंटाच्या देखरेखीखाली चालला. त्यानंतर १९५६ पर्यंत राजधानी नागपूर होती. पुढे द्वैभाषिक मुंबई राज्य आले व १९६० मध्ये महाराष्ट्र. साहजिकच कागदही रेसिडेन्सीचे दप्तर, नागपूरचे अभिलेखागार, मुंबईचा गृहविभाग व जिल्हा पोलीस मुख्यालये असे विखुरले जातात. १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वाशीम जिल्हा वेगळा झाला. म्हणून अकोल्याच्या नोंदवहीतून एखादे शस्त्र एकाएकी दिसेनासे झाले, तर ते बाद झाले असे न मानता प्रथम वाशीमची वही पाहावी.

दुसरी अडचण नावांची. १८५७ च्या उठावानंतर पोलिसांच्या हाती लष्कराच्या तोडीचे शस्त्र देण्यास इंग्रज सरकार नाखूश असे. या धोरणातूनच इशापूरच्या कारखान्यात ०.३०३ बोअरच्या ली-एन्फील्ड रायफलींपासून ०.४१० बोअरची मस्केटे करण्यात आली. त्यांच्या नळीस आतून आटे नसत आणि एका वेळी एकच काडतूस भरता येई. असे शस्त्र 'रायफल' या सदरातून 'मस्केट' या सदरात जाऊ शकते. यास्तव शोध नावाचा न करता क्रमांकाचा करावा. आणि क्रमांकासोबत कारखाना व वर्षही टिपावे, कारण तोच क्रमांक दुसऱ्या मालिकेत पुन्हा येऊ शकतो. उलट, मेळघाटालगतच्या एखाद्या शेतकऱ्याच्या घरी तशाच घडणीची रायफल आढळली, तर ती पोलिसांचीच असा तर्क करू नये. ०.३०३ बोअर प्रतिबंधित वर्गात मोडते. सर्वसाधारण परवानाधारकास मिळणारी इशापूरची रायफल ०.३१५ बोअरची असते व तिची यंत्ररचना ली-एन्फील्डचीच आहे.

तिसरी अडचण सर्वांत महत्त्वाची. 'निर्लेखन' म्हणजे 'नाश' नव्हे. निर्लेखनाचा आदेश शस्त्राला हिशेबातून वगळतो. ते प्रत्यक्ष मोडले गेले याचा पुरावा स्वतंत्रच असावा लागतो. २०१८ मध्ये बिहारमधील मुंगेर येथे ए. के. ४७ रायफली सापडल्या. जबलपूरच्या लष्करी आयुध भांडारातून निकामी ठरविलेली शस्त्रे चोरून, ती पुन्हा जुळवून विकण्यात आली, असा आरोप त्या प्रकरणी ठेवण्यात आला. ती शस्त्रे पोलिसांची नव्हती. तथापि निर्लेखन व नाश यांमधील फट किती घातक ठरू शकते, हे त्यावरून स्पष्ट होते.

माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ मधील कलम ८(३) मुळे वीस वर्षांपूर्वीच्या घटनांविषयीची माहिती, देशाच्या सुरक्षेसारखे मोजके अपवाद सोडल्यास, मागता येते. अर्जात 'रायफलींचे काय झाले' असे मोघम न विचारता निर्लेखनाचा आदेश, पाठवणीची पोच व नाशाचा दाखला हे तीन कागद क्रमांकवार मागावेत. तिन्हींवरील क्रमांक जुळले, तरच त्या रायफलीचा शेवट झाला असे म्हणता येईल. न जुळल्यास तिचा शोध अपुरा आहे, असेच नमूद करणे अभ्यासकास उचित होय.