तिसऱ्या मजल्यावरचे हसणे

रात्रीचे अकरा वाजून गेलेले असतात. सकाळी लवकर उठायचे असते, तरी हातातले पुस्तक खाली ठेववत नाही. इंग्लंडमधल्या एका एकाकी हवेलीत नुकतीच नोकरीला लागलेली अठरा वर्षांची शिक्षिका तिसऱ्या मजल्यावरच्या बंद दारांपुढून चालली आहे. अचानक एका दाराआडून हसणे ऐकू येते. ते कोणाचे, हे कळल्याशिवाय वाचणाऱ्याला झोप लागणार नसते.

शार्लट ब्राँटे यांची ‘जेन एअर’ ही कादंबरी १८४७ मध्ये प्रसिद्ध झाली. पावणेदोनशेहून अधिक वर्षे लोटली तरी ते हसणे नव्या वाचकांना दचकवते. अशा कादंबऱ्यांना ‘गॉथिक’ म्हणतात. होरेस वॉलपोल यांच्या ‘द कॅसल ऑफ ओट्रँटो’ने १७६४ मध्ये ही वाट पाडली. जुनी वास्तू, कुलूपबंद खोली, काहीतरी लपवणारा घरधनी आणि त्या घरात नव्याने आलेली तरुणी, एवढ्या सामग्रीवर शेकडो कादंबऱ्या उभ्या राहिल्या. आपल्याकडेही ही कथानके रुजली. ‘जेन एअर’वरून १९५२ मध्ये दिलीपकुमार-मधुबालाचा ‘संगदिल’ आला, तर डॅफ्ने द्यू मॉरिए यांच्या ‘रेबेका’वरून १९६४ मध्ये वहिदा रेहमानचा ‘कोहरा’.

भीती ही टाळण्याची गोष्ट. मग माणूस ती विकत आणून उशाशी का ठेवतो?

खात्रीपेक्षा शंका जड

या प्रकारातल्या नामवंत लेखिका अ‍ॅन रॅडक्लिफ यांनी भीतीचे दोन प्रकार मानले होते. एक, भयानक गोष्ट थेट समोर उभी राहिल्यावर गोठवून टाकणारी. दुसरी, ती दिसण्याआधीची. या दुसऱ्या भीतीत मन जागे होते, कान टवकारतात. रॅडक्लिफ यांना ही दुसरी भीती महत्त्वाची वाटे.

त्यांच्या निरीक्षणाशी जुळणारा एक प्रयोग लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या संशोधकांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केला. ४५ जणांना संगणकावर एक खेळ दिला. दगडाखाली साप आहे का, हे ओळखायचे आणि साप निघाला की हाताला विजेचा वेदनादायक झटका. घाम आणि डोळ्यांच्या बाहुल्यांवरून ताण मोजला. झटका नक्की बसणार हे ठाऊक असताना ताण कमी होता. तो सर्वाधिक होता शक्यता निम्मी-निम्मी असताना. तपासणीच्या अहवालाची वाट पाहिलेल्या कोणालाही हे वेगळे सांगायला नको.

गॉथिक कादंबरी वाचकाला नेमके याच निम्म्या शक्यतेवर टांगून ठेवते. हृदयाचे ठोके वाढतात, अ‍ॅड्रेनॅलिन स्रवते. पण मेंदूचा पुढचा, विचार करणारा भाग सांगत असतो, की आपण आपल्या घरात आहोत आणि पुस्तक केव्हाही मिटता येते. शिवाय खऱ्या आयुष्यात न मिळणारी एक हमी इथे असते, ती म्हणजे शेवटच्या पानापर्यंत उत्तर मिळेल.

भीतीचे मापही महत्त्वाचे. डेन्मार्कमधल्या संशोधकांनी २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात एका भीतिगृहात आलेल्या ११० जणांचे हृदयाचे ठोके नोंदवले होते. फार कमी घाबरलेल्यांना मजा आली नाही, फार घाबरलेल्यांनाही नाही. आनंद मधल्या पातळीवर होता. पुस्तक वाचताना ही पातळी आपल्या हातात असते. नको वाटले की दिवा लावावा, चार पाने पुढे जावे.

तिला खरेच ऐकू आले होते

पण नुसत्या थरारासाठी एवढी वर्षे कोणी पुस्तक जपत नाही. या कादंबऱ्यांच्या मुळाशी आणखी एक प्रश्न आहे. नायिकेला जे दिसते, ऐकू येते, त्यावर कोणी विश्वास ठेवतो का?

लग्नाच्या तोंडावर एका रात्री जेनच्या खोलीत एक अनोळखी बाई येते आणि तिचे वधूवस्त्र फाडते. ती हे होणाऱ्या नवऱ्याला, रॉचेस्टरला सांगते. तो म्हणतो, मेंदूला ताण झाला आहे, तुझ्या मज्जातंतू नाजूक आहेत. पण जेनकडे पुरावा आहे, कारण सकाळी ते वस्त्र जमिनीवर दोन तुकड्यांत पडलेले असते. रॉचेस्टर तरीही अर्धे सत्य, अर्धे स्वप्न अशी सारवासारव करतो. प्रत्यक्षात त्याने आपल्या मनोरुग्ण पत्नीला, बर्थाला, त्याच मजल्यावर कोंडून ठेवलेले असते.

‘तुझ्या मज्जातंतू नाजूक आहेत’ हे वाक्य त्या काळी डॉक्टरही सर्रास बोलत. अमेरिकी लेखिका शार्लट पर्किन्स गिलमन यांना बाळंतपणानंतर नैराश्याने ग्रासले. १८८७ मध्ये त्या सायलस वेअर मिचेल या प्रख्यात डॉक्टरांकडे गेल्या. उपचार ठरला सक्तीच्या विश्रांतीचा. घरी परतताना सल्ला मिळाला की घरसंसारात रमा, लेखणीला हात लावू नका. त्याने त्या वेडाच्या उंबरठ्यावर पोहोचल्या. १८९२ मध्ये त्यांची त्यावरची ‘द यलो वॉलपेपर’ ही कथा प्रसिद्ध झाली. तिच्यात भूत नाही. आहे ती एक खोली, प्रेमळ पण काहीही ऐकून न घेणारा डॉक्टर नवरा आणि हळूहळू तोल जाणारी बायको. बाळंतपणानंतरच्या नैराश्याचे इतके आतून केलेले चित्रण त्या काळात दुर्मीळ होते.

आज सर्वांच्या तोंडी असलेला ‘गॅसलायटिंग’ हा शब्दही याच घराण्यातला. पॅट्रिक हॅमिल्टन यांच्या १९३८ मधल्या ‘गॅस लाइट’ नाटकात नवरा बायकोला पटवत राहतो, की तिच्या डोक्यातच बिघाड आहे. घरातला दिवा मंद होताना तिला दिसतो आणि तो खरोखरच मंद होत असतो.

या कथा वाचणारीला म्हणूनच दुहेरी समाधान मिळते. कोडे सुटते आणि ‘तुला भास होतात’ म्हणणारे चुकीचे ठरतात.

थोडे सावधही

या कादंबऱ्यांची दुसरी बाजूही पाहायला हवी. अबोल, संतापी, काहीतरी लपवणारा पुरुष त्यांत आकर्षक वाटतो आणि नायिकेचे प्रेम त्याला बदलते. प्रत्यक्षात धाक दाखवणारा जोडीदार प्रेमाने बदलेल, या आशेत अनेकींची वर्षे वाया जातात. स्वतः जेन मात्र सत्य कळताच घर सोडून निघून जाते, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. आणि माळ्यावरच्या बर्थाला कादंबरीत स्वतःची बाजूच नाही. ती मिळायला १९६६ साल उजाडले, जेव्हा जीन ऱ्हिस यांनी ‘वाइड सार्गासो सी’ लिहिली.

ज्यांना झोपेचा त्रास आहे, भीतीचे झटके येतात किंवा एखादा जुना आघात अजून छळतो, त्यांनी अशी पुस्तके रात्री टाळावीत. इतरांनी खुशाल वाचावीत.

आणि पुस्तक मिटल्यावर एक करावे. घरातली कोणी म्हणाली, ‘मला बरे वाटत नाही, काहीतरी बिनसलेय’, तर ‘तुझ्या मनाचे खेळ आहेत’ असे म्हणण्याआधी थांबावे, तिचे ऐकून घ्यावे आणि गरज असेल तर डॉक्टरांकडे तिच्या सोबत जावे. बाळंतिणीच्या बाबतीत तर नक्कीच. तिसऱ्या मजल्यावरचे हसणे जेनला खरेच ऐकू आले होते.