घरकुलाच्या यादीतली चूक

मी कविता लिहितो. पण रोह्यात आणि आसपासच्या वाड्यांवर माझी खरी ओळख अर्ज लिहून देणारा माणूस अशी आहे. बी. ए. झालेला आणि अक्षर बरे, एवढ्या भांडवलावर लोक विश्वासाने कागदांची पिशवी माझ्यापुढे रिकामी करतात. त्या पिशवीत अलीकडे सर्वांत जास्त कागद निघतात ते घरकुलाचे. कुणाचे नाव यादीत आहे पण चुकीचे आहे. कुणाला मंजुरी मिळाली पण पैसे आले नाहीत. कुणाचा पहिला हप्ता आला आणि दुसरा अडकला. अशा वेळी नेमके काय करावे, याविषयी आज थोडे सांगायचे आहे.

खेड्यातल्या गरिबाला घरासाठी सरकारी मदत देण्याची पद्धत तशी जुनी आहे. १९८५-८६ मध्ये इंदिरा आवास योजना सुरू झाली. २०१६ मध्ये तिची जागा प्रधानमंत्री आवास योजना-ग्रामीण हिने घेतली. या योजनेचे मूळ अनुदान सपाट भागात १ लाख २० हजार आणि डोंगराळ भागात १ लाख ३० हजार रुपये आहे. शिवाय रोजगार हमीतून सुमारे ९० दिवसांची मजुरी आणि शौचालयासाठी १२ हजार रुपये मिळू शकतात. अनुदानाची रक्कम एकदम मिळत नाही. बांधकाम एका टप्प्यापर्यंत आले, त्याचा फोटो संगणकावर चढला, की पुढचा हप्ता सुटतो.

खरी अडचण इथेच आहे. पहिला हप्ता हाती आला की माणूस जुने घर मोडतो आणि जोते बांधतो. मग कागद कुठे अडकला, तर ते कुटुंब ना जुन्या घरात राहते ना नव्या. आपल्याकडे जून उजाडला की पाऊस दारात येतो. ताडपत्रीखाली चार महिने म्हातारी माणसे आणि लेकरे घेऊन बसणे काय असते, ते कोकणातल्या माणसाला सांगायला नको. म्हणून यादीतले चुकलेले अक्षर ही किरकोळ गोष्ट समजू नये.

या चुका होतात कशा? बहुतेक चुका कुणी मुद्दाम केलेल्या नसतात. सांगणारा बोलीत सांगतो, लिहिणारा घाईत लिहितो, मग ते नाव संगणकासाठी इंग्रजीत जाते आणि पुन्हा मराठीत येते. या प्रवासात नावाचा चेहरा बदलतो. आमच्या मुसलमान कुटुंबांचे उदाहरण घ्या. 'अब्दुल रहमान' हे एकच नाव आहे. 'अब्दुल' म्हणजे '…चा बंदा' आणि 'रहमान' म्हणजे दयाळू ईश्वर. नुसते 'अब्दुल' हे अर्धेच नाव झाले. पण अर्जावर तीन रकाने असतात: नाव, वडिलांचे नाव, आडनाव. मग 'अब्दुल' मुलगा होतो, 'रहमान' त्याचा बाप होतो आणि खरा बाप आडनावाच्या रकान्यात जाऊन बसतो. आधार कार्डावर वेगळे, बँकेच्या पासबुकावर वेगळे, ग्रामपंचायतीत आणखी वेगळे, अशी एका माणसाची तीन माणसे होतात.

कातकरी वाडीवर दुसरी तऱ्हा. तिथे जन्मवारावरून नाव ठेवण्याची रीत आहे: सोमी, मंगळी, बुधी. एकाच वाडीत एकाच आडनावाच्या दोन सोमी निघतात आणि एकीचे घर दुसरीच्या खात्यावर मंजूर होते.

आता मुख्य मुद्दा. चूक दुरुस्त करायला निघण्यापूर्वी ती कोणत्या प्रकारची आहे, हे ओळखले पाहिजे. माझ्या पाहण्यात तीन प्रकार आहेत आणि तिघांची दारे वेगळी आहेत. चुकीच्या दारावर वर्षभर उभे राहिले तरी ते उघडत नाही.

पहिला प्रकार लिहिण्यातल्या चुकीचा. नाव, वडिलांचे नाव, आधारचा एक आकडा, खाते क्रमांक. इथे हक्काबद्दल वाद नसतो, फक्त नोंद चुकलेली असते. ही चूक ग्रामसेवकांकडे, ज्यांना आता ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात, किंवा पंचायत समितीच्या घरकुल विभागात लेखी अर्ज देऊन दुरुस्त करून घ्यायची. मात्र एक पथ्य पाळावे. सर्वांत शेवटच्या कागदापासून सुरुवात करू नये. आधार, पासबुक, रेशन कार्ड, रोजगार हमीचे जॉब कार्ड आणि घराचा उतारा असे पाच कागद शेजारी शेजारी ठेवावेत आणि चूक प्रथम कुठल्या कागदात शिरली ते पाहावे. दुरुस्ती तिथून करावी. नाहीतर आज यादीतले नाव सुधारते आणि उद्या बँकेत तेच अडते.

उताऱ्याबाबतही गोंधळ होतो. तलाठ्याकडचा गाव नमुना ८-अ हा जमिनीच्या खात्याचा उतारा आहे. ग्रामपंचायतीचा नमुना ८ हा घराच्या कर आकारणीचा उतारा आहे. नावे सारखी वाटतात म्हणून लोक एकाऐवजी दुसरा घेऊन जातात आणि परत पाठवले जातात. सातबाऱ्यावर लेखनदोष असेल तर महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १५५ खाली तो दुरुस्त करता येतो. त्यासाठी अर्ज तहसील कार्यालयात करायचा, पंचायत समितीत नव्हे.

पैसे 'गायब' झाल्याची तक्रारही बऱ्याचदा याच प्रकारात मोडते. आधारच्या आधारे पाठवलेली रक्कम तुम्ही अर्जात लिहिलेल्या खात्यातच जाईल असे नाही. सरकारी अनुदानासाठी आधार शेवटी ज्या बँक खात्याशी जोडले असेल, तिथे ती जाते. मध्यंतरी एखाद्या शिबिरात नवे खाते उघडले असेल, तर हप्ता तिथे पडून असतो. शिवाय २०१९ आणि २०२० मध्ये अनेक सरकारी बँकांचे विलीनीकरण झाले. देना बँक बँक ऑफ बडोदामध्ये गेली, सिंडिकेट बँक कॅनरा बँकेत गेली. त्यांच्या शाखांचे आयएफएससी क्रमांक बदलले. जुन्या पासबुकावरून क्रमांक उतरवला तर रक्कम परत जाते. तेव्हा आधी बँकेत चौकशी करावी, मग तक्रार.

दुसरा प्रकार पाहणीतल्या चुकीचा. इथे अक्षर बरोबर असते, पण लिहिलेली गोष्ट खरी नसते. कुडाचे घर असून 'पक्के' लिहिले गेले. दारात शेजाऱ्याची गाडी उभी होती, ती यांच्या नावावर धरली गेली. कातकरी कुटुंब दिवाळीनंतर वीटभट्टीवर गेले होते, म्हणून 'येथे राहत नाही' असा शेरा पडला. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर आपल्या जिल्ह्याने हे फार जवळून पाहिले. पंचनाम्यात 'अंशतः' लिहायचे की 'पूर्णतः', यावर सगळे अवलंबून होते. कारण पूर्ण पडलेल्या घरासाठी राज्य सरकारने तेव्हा दीड लाखाची मदत जाहीर केली होती.

अशी चूक कारकुनाच्या टेबलावर दुरुस्त होत नाही. तो निर्णय आहे आणि तो पुन्हा तपासून घ्यावा लागतो. घरकुलाची यादी ग्रामसभेपुढे येते, तेव्हा तिथे हजर राहून हरकत घ्यावी आणि ती इतिवृत्तात लिहिली गेली की नाही ते पाहावे. नाव वगळले असेल तर त्याचे कारण मागावे. ग्रामसभेच्या निर्णयाविरुद्ध जिल्हा पातळीवरच्या अपील समितीकडे जाण्याची सोय योजनेतच आहे. पंचनाम्याची तक्रार असेल तर तहसीलदारांकडे फेरपाहणी मागावी. सोबत फोटो, वीजबिल, शेजाऱ्यांचे लेखी म्हणणे जोडावे.

तिसऱ्या प्रकाराला लोक चूक म्हणतात, पण ती चूक नसते. तो नियम असतो. पूर्वी घरात मोटारसायकल, फ्रिज किंवा घरचा टेलिफोन असला तरी नाव कापले जाई. २०२४ मध्ये निकष बदलले. या तिन्ही अटी निघाल्या आणि महिन्याच्या उत्पन्नाची मर्यादा १० हजारांवरून १५ हजारांवर गेली. जुन्या निकषावर ज्यांचे नाव गेले, त्यांनी जुन्या निर्णयाविरुद्ध भांडत बसू नये. नव्या सर्वेक्षणात आपली नोंद झाली का, हे पाहावे. कातकऱ्यांसाठी तर २०२३ मध्ये पीएम-जनमन ही वेगळी योजना आली. तिच्यात घरासाठी २ लाख रुपये आहेत. कोणत्या यादीत आपण बसतो, हे आधी विचारावे.

प्रकार कोणताही असो, अर्ज तोंडी करू नका. दोन प्रती काढा, एकीवर शिक्का आणि तारीख घ्या. योजनेच्या नियमांत तक्रार १५ दिवसांत निकाली काढावी असे म्हटले आहे. ते झाले नाही तर १० रुपयांचे तिकीट लावून माहितीच्या अधिकारात विचारा, 'माझ्या अमुक तारखेच्या अर्जावर काय कार्यवाही झाली?' दारिद्र्यरेषेखालील माणसाला तेही शुल्क नाही. उत्तराची मुदत ३० दिवस आहे. जिल्ह्याच्या ठिकाणी, म्हणजे अलिबागला, दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी लोकशाही दिन असतो. आणि दुरुस्ती करून देतो म्हणून कुणी पैसे मागितले, तर ते देऊ नका. यादीतले नाव सुधारण्यासाठी कुणाला काही द्यावे लागत नाही.

शेवटी एक गोष्ट कार्यालयात बसणाऱ्यांसाठी. एका सोमीचे पैसे दुसऱ्या सोमीच्या खात्यावर गेले, तर दुसरी सोमी चोर ठरत नाही. तिने पैसे मागितले नव्हते. रक्कम परत घ्यायलाच हवी, पण तिला न धमकावता, झेपेल अशा बेताने. आणि ती वसुली पूर्ण होईपर्यंत पहिलीला थांबवणे तर मुळीच न्यायाचे नाही. चूक दोघींपैकी कुणाचीच नाही, मग एकीच्या घराला पत्रे चढायचे दुसरीच्या परतफेडीवर का अवलंबून राहावे? ज्या यंत्रणेच्या हातून चूक झाली तिने ती आपल्या अंगावर घ्यावी आणि जोत्यापर्यंत आलेल्या घरांचे अडकलेले कागद निदान मेअखेरीपर्यंत हातावेगळे करावेत. जूनमध्ये आलेली दुरुस्ती बरोबर असली, तरी तिचा उपयोग पुढच्या दिवाळीलाच होतो.